विषय क्रमांक नऊचा अनुमोदक

एकतीस वर्षं मी साखर कारखान्यात नोकरी केली आणि उसाच्या कांड्याला कामासाठी कधी हात लावला नाही. माझं काम लिहिण्याचं. सभांचं प्रोसिडिंग, म्हणजे सभेत काय काय झालं त्याची नोंद, मी लिहायचो. वडिलांचं युसूफ वडगावला किराणा दुकान होतं. तिथं पाट्या लिहून लिहून माझं अक्षर वळणदार झालं आणि त्या अक्षराच्या जोरावर ही नोकरी लागली. त्याच अक्षरानं एकदा भर सभेत मला तोंडघशी पाडलं. सगळी नोकरी सांगत बसलो तर तुम्हाला जांभया येतील, म्हणून तेवढीच हकीकत सांगतो.

सहकारी कारखान्याचे मालक म्हणजे ऊस पिकवणारे सभासद. वर्षातून एकदा त्यांची सर्वसाधारण सभा भरते. चेअरमन विषय वाचतात, खालून ‘मंजूर, मंजूर’ असा गलका होतो, की लगेच पुढचा विषय. कागदावर मात्र प्रत्येक ठरावाला दोन माणसं लागतात. ठराव मांडणारा सूचक आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक. प्रत्यक्षात कोणी उठून पाठिंबा देत बसत नाही, कारण मागं बुंदीचा वास सुटलेला असतो. म्हणून मी सभेचं प्रोसिडिंग आदल्या दिवशी दुपारीच लिहून टाकायचो. ठराव, सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’ आणि शेवटी आभार, सगळं तयार. एका वर्षी ‘सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ असं लिहून ठेवलं होतं आणि सभेत दोघांची डोकी फुटली. वाक्य मी तसंच राहू दिलं. खाडाखोडीनं पान घाण झालं असतं.

नावं निवडणं हे यातलं खरं कसब. माझ्या टेबलाच्या काचेखाली गावांची यादी असायची. एकाच गावाचं नाव लागोपाठ आलं तर लेखापरीक्षकाला शंका येते, म्हणून धारूरकडचं एक, केजकडचं एक, असं मी फिरवून घ्यायचो. ही नावं वहीतच राहायची. छापील अहवालात नुसतं ‘मंजूर’ यायचं, त्यामुळं ज्याचं नाव लिहिलं त्याला ते कधी कळत नसे. आणि विषय नाजूक असला की मी हमखास सभेला न येणारा माणूस निवडायचो. गैरहजर अनुमोदक हा सगळ्यात सोयीचा, तो कधीच वाद घालत नाही. या कौशल्याबद्दल चेअरमनसाहेबांनी मला दिवाळीला एकदा घड्याळ दिलं होतं. ते मी अजून वापरतो, काय करणार.

मग तो दुष्काळ आला. सप्टेंबर उजाडला तरी विहिरींच्या तळाला भेगा. आदल्या हंगामात कारखाना जेमतेम पाऊण महिना चालला, कारण होता नव्हता तो ऊस जनावरांच्या छावणीत चारा म्हणून गेला होता. कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर माळावर ती छावणी होती. आपापली जनावरं घेऊन चार-पाच गावांचे लोक महिनोन्‌महिने तिथंच पडून होते. प्रत्येक जनावराच्या कानाला बिल्ला, मोठ्या जनावराला चाऱ्याचं एक माप आणि लहानाला अर्धं, असा सरकारी नियम होता.

अशा वर्षी आमच्या विषयपत्रिकेत नववा आणि शेवटचा विषय होता, ‘मा. कार्यकारी संचालक यांच्या वेतनात व सोयीसुविधांत वाढ करणेबाबत’. कार्यकारी संचालक म्हणजे इंगवले साहेब. त्यांना सगळे एमडी म्हणायचे. साखरशास्त्र शिकलेला, बॉयलरच्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस. त्यांना एका मोठ्या कारखान्याचं बोलावणं आल्याची कुणकुण चेअरमनसाहेबांना लागली होती. साहेब टिकवायचे तर पगार वाढवा, असा सरळ हिशेब. मी विषय वाचला आणि म्हटलं, याला अनुमोदक एकदम लांबचा पाहिजे.

मी किसनतात्याचं नाव घातलं. तात्या डोंगरकडेच्या गावचा, तीन एकरांचा सभासद. त्याची दोन बैलं आणि एक गाय छावणीत होती आणि तो दावणीपासून हलत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. छावणी जवळ असली तरी जनावर सोडून कोण येणार? गैरहजेरीची इतकी खात्री मला आयुष्यात दुसऱ्या कुणाची नव्हती.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. आमचा वार्षिक अहवाल कोणी वाचत नसे. लोक त्यानं वारा घ्यायचे, पोरं विमानं करायची, भजीवाले त्यात भजी बांधून द्यायचे. पण छावणीतल्या माणसांना दिवसभर काम काय? सकाळी वैरण टाकली की संध्याकाळपर्यंत नुसतं बसायचं. पत्ते खेळून झाले, एकमेकांच्या सोयरिकी उकरून झाल्या, मग पोस्टानं आलेला अहवाल त्यांनी हातात घेतला. शेडनेटच्या सावलीत तात्या ओळीखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. पंधरा दिवसांत त्यांनी तो परिशिष्टासकट पाठ केला. आमच्या संचालकांनासुद्धा परिशिष्ट असतं हे माहीत नव्हतं.

सभेच्या दिवशी छावणीतले पन्नासेक लोक मंडपात शिरले तेव्हा मला वाटलं जेवायला आले. जनावरांकडं चार म्हातारे ठेवून सगळे आले होते. आठ विषय नेहमीसारखे ‘मंजूर’ झाले. नववा विषय वाचला आणि तात्या अहवालाची सुरळी करून उभा राहिला. चेहरा उन्हानं करपलेला, डोक्याला मळकं मुंडासं. त्यानं माईक मागून घेतला.

“चेअरमनसाहेब, पान बत्तीस काढा,” तो म्हणाला. “साहेबाला पगार हाय, बंगला हाय, गाडी हाय, माळी हाय. आता वाढ मागताव. कावून? कारखाना तर बंद हाय.”

स्टेजवरची सगळी मंडळी पान बत्तीस शोधू लागली. व्हाइस चेअरमनच्या अहवालाला पानंच एकतीसपर्यंत होती. पुढची कुणीतरी फाडून नेली असावीत.

“तात्या, माणूस टिकवायला लागतो,” चेअरमनसाहेब शांतपणे म्हणाले.

“बराबर. मग छावनीचा नियम लावा,” तात्या म्हणाला. “मोठ्या जनावराला एक माप, लहानाला अर्धं. आमच्या बैलाला काम न्हाई म्हनून कुनी वाढीव वैरन दिलेली मी पाह्यली न्हाई. साहेबबी बंगल्यात बसूनच हायेत. त्येंच्या कानाला बिल्ला मारा आन् मापात बसवा.”

मंडप हसून लोळायला आला. इंगवले साहेब स्वतः स्टेजवर हसत होते, मी पाहिलं. हसले नाहीत ते फक्त चेअरमनसाहेब. त्यांनी विषय मिटवायच्या घाईनं माझ्याकडं मान वळवली आणि म्हणाले, “अप्पा, ठराव वाचून दाखवा.”

“शेवटपतूर वाचा अप्पा,” तात्या खालून म्हणाला. “अर्ध्यात सोडायचं न्हाई.”

आता इथं माझी चूक झाली. मला दुकानापासूनची सवय, वाचायला घेतलं की यादीच्या तळापर्यंत जायचं. आमचे वडील मध्येच थांबलेलं खपवून घेत नसत. मी वही उघडली आणि वाचत सुटलो. “मा. कार्यकारी संचालक यांचे वेतनात वाढ करण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे. सूचक अमुक अमुक. अनुमोदक श्री. किसन…”

तात्याचं अख्खं नाव, वडिलांच्या नावासकट आणि गावासकट, मी स्टेजवरच्या माईकवरून वाचलं. शेवटच्या अक्षरावर माझाच आवाज माझ्या कानात शिरला. तात्या माईक हातात धरून तसाच उभा होता.

चेअरमनसाहेब जुना गडी. त्यांनी एक क्षण दवडला नाही. “बघा,” ते म्हणाले, “तात्यांचा पाठिंबा आहेच. त्यांना जरा बोलायची हौस होती, ती भागली. सभा संपली, राष्ट्रगीत.”

राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे ताठ उभे, बोलायची सोय नाही. तात्याही माईक छातीशी धरून ताठ उभा, पण डोळे माझ्यावर. संपताच तो म्हणाला, “अप्पा, मी कवा म्हनलो बे? सांग की.”

आणि मी काय बोललो असेन? मी म्हटलं, “तात्या, नोंद आहे.” एवढंच. माझ्या नोकरीतलं हे सगळ्यात हलकट वाक्य. आज लिहितानाही लाज वाटते.

चार दिवसांनी तात्या ऑफिसात आला. मला वाटलं शिव्या घालेल, मी तयारीनं दार लोटून घेतलं. तो समोरच्या स्टुलावर बसला आणि हळू आवाजात बोलू लागला. छावणीत कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं. दगडूभाऊ म्हणून त्याच्याच गावचा एक बोलघेवडा माणूस होता, त्यानं उठवलं होतं की तात्याला चेअरमननं फोडला, सभेतलं भांडण नाटक होतं, आणि त्याच्या बैलांना दोन मापं वैरण मिळते. बैलांना लोक ‘अनुमोदकाचे बैल’ म्हणू लागले होते.

“नावं ठिवू देत, माझं काय न्हाई,” तात्या म्हणाला. “पन आमी आळीपाळीनं जनावरं बघतो अप्पा. एकानं घरी जायचं, दुसऱ्यानं दोन्हीची राखन करायची. आता माझी जनावरं कुनी बघना. चार दिस घरी गेलो न्हाई. आज बैलं एका म्हाताऱ्याच्या हातापाया पडून सोडून आलोय. बायको भाकरी घिऊन येती आन् ती बी मान खाली घालून. तू वही घिऊन छावनीत चल. माझं नाव कवा लिवलं ते सगळ्यायला सांग.”

प्रोसिडिंग बुक ऑफिसबाहेर नेणं म्हणजे नोकरीवर पाणी. मी त्याला सांगितलं, “बघतो.” तो गेल्यावर मी बराच वेळ घड्याळाकडं बघत बसलो. चेअरमनसाहेबांनी दिलेल्या.

रविवारी दुपारी मी वही टॉवेलात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि निघालो. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, “काय अप्पा?” मी म्हटलं, “धुणं.” कारखान्यात रविवारी धुणं घेऊन कोण येतं, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, तेवढ्यात मी पसार झालो.

छावणीत मला बघून आधी कोणी जागाही देईना. तात्यानं एक पालथं घमेलं सरकवलं, त्यावर बसलो. मी सरळ सांगून टाकलं. “तात्याचं नाव मी सभेच्या आदल्या दिवशी दुपारी लिहिलं. त्याला विचारलं नाही. तो येणार नाही असं वाटलं, म्हणून लिहिलं.”

दगडूभाऊ लांबून म्हणाला, “हे तुला चेअरमननं शिकिवलं आसंल.”

मग माझंही डोकं फिरलं. मी वही उघडली आणि मागचं पान काढलं. “दगडूभाऊ, एमडींच्या बंगल्याला वातानुकूलित यंत्र बसवायचा ठराव, चार वर्षांमागचा. अनुमोदक तू.”

“मी?” दगडूभाऊ उठून जवळ आला.

“तूच. त्या वर्षी तू पोरीच्या लग्नाच्या गडबडीत होतास.”

त्यानं आपलं नाव पाहिलं, माझं सुबक अक्षर पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं. मग गर्दी झाली. प्रत्येकाला आपण काय काय केलंय ते बघायचं होतं. वहीप्रमाणं एकानं चेअरमनसाहेबांना नवी गाडी घेऊन दिली होती. एकानं संचालकांच्या अभ्यासदौऱ्याला पाठिंबा दिला होता, त्यानं आयुष्यात बीडच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. दगडूभाऊच्या चुलत्यानं गेल्या वर्षी चेअरमनसाहेबांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला होता.

“चुलता तर तीन सालाखाली वारला,” दगडूभाऊ म्हणाला. “आन् जित्ता हुता तवाबी चेअरमनशी बोलत नव्हता.”

त्या गावचं नाव फिरवून घ्यायची वेळ होती, मी जुनी यादी वापरली असणार. लोक आधी चिडले, मग एकजण फिसकन हसला आणि पाठोपाठ सगळी छावणी हसायला लागली. कोणीतरी तात्याच्या पाठीत धपाटा घातला. एकजण उठून तात्याच्या बैलांपुढची वैरण सारखी करून आला. माझ्या नोकरीचं काय होणार ते दिसत होतं, पण तो माणूस वैरण सारखी करताना बघून मला बरं वाटलं.

एवढ्यात जीप आली. वॉचमनच्या डोक्यात अखेर उजेड पडला होता. जीपमधून इंगवले साहेब उतरले. मी उठून उभा राहिलो, वही पाठीमागं लपवली. तसली मोठी वही लपत नाही.

“बसा अप्पा,” ते म्हणाले आणि स्वतः दगडावर टेकले. “काय चाललंय?”

तात्याच म्हणाला, “तुमचं माप ठरवतोय साहेब.”

“मग मलाही ऐकू द्या,” साहेब म्हणाले. “वाढ मी मागितली नव्हती. मला बाहेरून बोलावणं आहे हे खरं. चेअरमनसाहेबांना वाटलं, पैसे वाढवले की मी थांबेन. तुम्ही सांगा. कारखाना बंद असताना मला किती घेणं शोभतं?”

असा प्रश्न आमच्या स्टेजवर कधी कोणी विचारला नव्हता. दगडूभाऊ लगेच म्हणाला, “लहान माप. काम न्हाई तर निम्मं.”

तात्यानं बैलाच्या वशिंडावर हात फिरवला. सभेत याच माणसानं मंडप हसवला होता. तो म्हणाला, “न्हाई दगडू. ह्या बैलाला आठ म्हैने काम न्हाई. तरी मी हितं उन्हात कावून बसलोय? पाऊस पडल्यावर ह्योच लागतू म्हनून. आत्ता निम्म्यावर ठिवला तर पेरनीला उभा राहील का त्यो? साहेबाला वाढ नको, पन काटबी नको. हाय ते ऱ्हाऊ द्या.”

त्यावर दोन तास वाद झाला. काही लोक म्हणाले बैल बोलत नाही, साहेबाला बाहेरून बोलावणं येतं, दोघं सारखे कसे. काही म्हणाले मग साहेबापेक्षा बैल बरा. साहेबांनी मध्ये एकदा विचारलं की दुभत्या जनावराला वेगळा नियम आहे का, तर त्यावरही अर्धा तास गेला. एकतीस वर्षांत पाहिलेली सगळ्यात चांगली सर्वसाधारण सभा ती, आणि तिचं प्रोसिडिंग मी लिहिलं नाही. तात्याचं म्हणणं बहुतेकांना पटलं.

साहेबांना मात्र नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र दिलं की वाढ नको आणि बॉयलर पेटेपर्यंत आपण निम्माच पगार घेऊ. तात्याला कळलं तेव्हा तो चिडला. “आयकत न्हाई ह्यो मानूस,” म्हणाला.

मला मेमो मिळाला आणि मळीच्या टाकीवर बदली झाली. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. त्याच्या वासानं आठवडाभर जेवण गेलं नाही. माझ्या जागी एक नवा पदवीधर आणला. त्यानं पहिल्याच बैठकीचं प्रोसिडिंग खरं खरं लिहिलं. ‘मा. व्हाइस चेअरमन झोपी गेले. मा. चेअरमन यांनी टेबलावर हात आपटला.’ जिल्ह्याच्या ऑफिसातून त्यावर इतके प्रश्न आले की तीन महिन्यांत मला टाकीवरून परत बोलावलं. परत येताना मी एकच अट घातली, नावं आदल्या दिवशी लिहिणार नाही. चेअरमनसाहेब “बरं” म्हणाले. त्यांना वाटलं असेल, चार दिवसांचं खूळ आहे.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. छावणी उठली, बैलं पेरणीला उभी राहिली. त्याच्या पुढच्या हंगामात बॉयलर पेटला. इंगवले साहेबांनी तो हंगाम पुरा केला आणि मग त्या मोठ्या कारखान्यात गेले. त्यांचा थोरला मुलगा पुण्याला शिकत होता, निम्म्या पगाराच्या त्या काळात त्याचं वर्ष अडलं होतं, असं नंतर कळलं. कोणाला त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांच्यानंतर तीन एमडी आले, एकालाही बॉयलरचा आवाज कळला नाही. आज गेटला कुलूप आहे आणि ऊस टाकायच्या गव्हाणीत बाभळी उगवल्यात.

इंगवले साहेब जाणार त्या वर्षीच्या सभेत शेवटचा विषय त्यांच्या आभाराचा होता. मी ठराव लिहिला होता, नावांच्या जागा कोऱ्या. चेअरमनसाहेबांनी विषय वाचला, ‘मंजूर’ झालं, लोक बुंदीकडं निघाले. मी माईकवर विचारलं, “अनुमोदक कोण?” असं विचारायची आमच्याकडं पद्धत नव्हती, त्यामुळं काही लोकांना वाटलं कोणाची चप्पल हरवली.

तात्या गर्दीतून उलटा चालत स्टेजपर्यंत आला. “माझं नाव लिव,” म्हणाला. “मी म्होरं उभा हाय तवर लिव.”

मी लिहिलं. वडिलांच्या नावासकट आणि गावासकट, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात. त्यानं ओळीखाली बोट फिरवत ते वाचलं. मग माझ्या हातातला पेन घेतला. अनुमोदकाला वहीत सहीची जागा नसते, तसं मी त्याला सांगितलंही. त्यानं समासात सही केली, तिरकी, अख्खा समास भरून.

“दोन बैलं टिकिवली अप्पा,” पेन परत देताना तो म्हणाला. “हे एक न्हाई टिकलं.”

त्या सालच्या लेखापरीक्षणात शेरा आला, ‘समासात खाडाखोड आढळते, खुलासा करावा.’ खुलासे लिहिण्यात माझा हातखंडा होता. तरी या एका ओळीला मला अख्खी दुपार लागली. मी लिहिलं, ‘खाडाखोड नाही. सदर अनुमोदक सभेस प्रत्यक्ष हजर होते.’